थांबता येईल का?

ड्रायव्हर लिहायला बसलेल्या माणसाच्या हातून सगळ्यांत आधी काय सुटत असेल, तर ते प्रिंटएफ. सी भाषा शिकलेल्या प्रत्येकाने आपला पहिला प्रोग्रॅम त्याच्याच भरवशावर लिहिलेला असतो. कर्नलमध्ये ते नाही. भाषा सीच आहे, पण तिच्याबरोबर आपसूक येणारी फंक्शनांची शिदोरी बाहेरच राहते. मेमरी मागायचं मॅलॉक नाही, फाइल उघडायचं एफओपन नाही, वर्गमूळ काढायचं एसक्यूआरटी नाही. अपूर्णांकांची आकडेमोडसुद्धा सहसा करायची नाही, कारण प्रोसेसरमधली त्यासाठीची रजिस्टरं त्या क्षणी दुसऱ्याच कुठल्या तरी प्रोग्रॅमच्या ऐवजाने भरलेली असतात आणि कर्नल ती स्वतःसाठी दर वेळी रिकामी करून घेत नाही. स्टॅकही बेताचा. चौसष्ट बिटांच्या इंटेल-एएमडी यंत्रांवर लिनक्समध्ये तो 16 केबी असतो, आणि 2014 पर्यंत तर 8 केबीच होता. कॉलेजच्या सवयीने फंक्शनच्या पोटात दहा हजार आकड्यांचा अ‍ॅरे जाहीर करणाऱ्याचं इथे पहिल्याच फेरीत कल्याण होतं.

म्हणजे बाहेरचं सगळं काढून घेतलेलं, आणि आत जे काही हवं ते कर्नलकडेच मागायचं. मेमरी, वेळ, कुलूप, इंटरप्टची नोंद, यंत्राच्या रजिस्टरांपर्यंत पोचण्याचा रस्ता, सगळं. पंचवीसेक वर्षं पुण्यात हेच काम करते आहे. पोर्ट वेगळे, चिप वेगळ्या, गिऱ्हाइकं वेगळी. मागणी मात्र तीच आणि मागायचं दारही तेच. एवढ्या काळात माझं एक मत झालंय: ड्रायव्हर लिहिण्यात आपल्याला काय हवंय हे कळणं सोपं असतं. मागताना आपण कुठे उभे आहोत हे ओळखणं अवघड, आणि निम्म्याहून अधिक भानगडी तिथेच होतात.

या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. आपण वापरतो ते ब्राउझर, खेळ, हिशेबाचे प्रोग्रॅम त्याच्या बाहेर राहतात, आणि काही हवं असलं की सिस्टिम कॉल नावाच्या खिडकीशी येऊन मागतात. तिथे कडक तपासणी असते. हा पत्ता तुझा आहे का, ही फाइल उघडायचा तुला हक्क आहे का, सगळं बघितलं जातं. ड्रायव्हर म्हणजे एखाद्या विशिष्ट यंत्राशी, म्हणजे कीबोर्डाशी, कॅमेऱ्याशी, नेटवर्क कार्डाशी बोलणारा कोड, आणि तो या खिडकीच्या आतल्या बाजूला असतो. लिनक्सच्या मूळ संहितेत आज तीन कोटींहून जास्त ओळी आहेत, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक एकट्या ड्रायव्हरांच्या आहेत. आतल्या माणसाची झडती कुणी घेत नाही. चुकीचा पत्ता मेमरी परत घेणाऱ्या केफ्री या फंक्शनच्या हाती दिला तर ते निमूटपणे त्या पत्त्यावरची मेमरी मोकळी समजून टाकतं, आणि त्याची फळं पुढे कधी तरी, भलत्याच ठिकाणी, दुसऱ्याच कुणाला तरी भोगावी लागतात.

आता मेमरीचंच घ्या. मॅलॉकला फक्त आकडा द्यायचा असतो, इतके बाइट हवेत. कर्नलमधल्या केमॅलॉकला आकड्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगावी लागते, आणि नवखी मंडळी ती कुठून तरी उतरवून काढतात. बहुतेक वेळा तिथे जीएफपी कर्नल लिहिलेलं असतं, क्वचित जीएफपी अ‍ॅटॉमिक. लग्नघरातली कोठी ज्यांनी पाहिलीय त्यांना हा फरक चटकन समजेल. कोठीवर बसलेल्या आत्याबाईंकडे तुम्ही गूळ मागायला गेलात आणि म्हणालात, "सावकाश द्या, मी इथंच टेकते," तर त्या मागचे डबे हलवतील, एखादं पोतं सोडतील, वेळ पडली तर कुणाला वाण्याकडे पिटाळतील, पण गूळ देतील. तेच तुम्ही चुलीवरची कढई तशीच सोडून धावत आला असाल तर म्हणणार, "हाताशी असेल तर द्या, नसेल तर नाही म्हणा." जीएफपी कर्नल म्हणजे पहिली मागणी. कर्नल मग जुन्या फाइलींची साठवलेली पानं टाकून देईल, काही पानं डिस्कवर लिहून काढेल, आणि तोवर तुम्हाला झोपवून ठेवेल. जीएफपी अ‍ॅटॉमिक ही दुसरी. त्यासाठी कर्नल थोडी राखीव मेमरीही वापरू देतो, पण थांबणार नाही. नसेल तर रिकामा पॉइंटर हातावर ठेवेल. त्या रिकाम्या हाताने पुढे काय करायचं ते तुमचं तुम्ही आधीच ठरवून ठेवलेलं असलं पाहिजे.

तेव्हा प्रत्येक मागणीच्या आधी एक प्रश्न उभा असतो. मला थांबता येईल का? आणि गंमत अशी की कर्नल तो तोंडाने कधी विचारत नाही. तुम्हाला उत्तर ठाऊक आहे असं तो गृहीत धरतो.

हे नीट समजायचं तर एक प्रसंग सांगते. द्राक्षबागेत उभी करायची एक पेटी काही हंगाम आमच्याकडे कामाला होती. निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदारांसाठी. हवेतला दमटपणा किती, तापमान किती, पान किती वेळ ओलं राहिलं, हे मोजून पाठवायचं. पान ओलं राहिलं की डाऊनी या रोगाला आवतण, आणि फवारणी कधी घ्यायची ते त्यावर ठरतं. पेटीत छोटा एआरएम प्रोसेसर, त्यावर लिनक्स. सेन्सर आय-टू-सी म्हणतात त्या दोन तारांच्या मार्गावर लटकावलेला, एका तारेवर घड्याळाचे ठोके आणि दुसरीवर माहिती. सेन्सरकडे नवीन मोजमाप तयार झालं की तो तिसरी एक तार खाली ओढतो. हा इंटरप्ट. प्रोसेसर जे काही करत असेल ते तिथल्या तिथे टाकून ड्रायव्हरच्या हँडलरकडे धाव घेतो.

आमच्याकडे नवीनच लागलेल्या मुलीने हा ड्रायव्हर लिहायला घेतला होता. तिचा तर्क सरळ होता. इंटरप्ट आला म्हणजे माहिती तयार आहे, मग हँडलरमध्येच वाचून मोकळं व्हावं. तिने तसं लिहिलं, बोर्ड चालू केला, सेन्सरवर फुंकर मारली, आणि सीरियल कन्सोलच्या काळ्या पडद्यावर मजकुराचा लोंढा आला. वरती 'बग' असं ठळक, मग 'शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक', खाली रजिस्टरांची यादी आणि कुठलं फंक्शन कुणी बोलावलं याची उतरंड. तिने उतरंड खालून वर वाचली, हे मला आवडलं. पुष्कळ जण नुसता स्क्रीनशॉट काढून पाठवतात.

"मॅडम, आय-टू-सीवरून चार-पाच बाइट वाचायला अर्धा मिलिसेकंद लागतो," ती म्हणाली. "तेवढं थांबलं तर बिघडलं काय?"

"थांबणार कोण?"

"हँडलर."

"आणि हँडलर कुणाच्या जिवावर चाललाय?"

ती गप्प झाली. तिचा हिशेब चुकलेला नव्हता. मार्ग शंभर किलोहर्ट्झवर चालवला तर एका बाइटला पोचपावतीसकट नऊ ठोके, म्हणजे नव्वद मायक्रोसेकंद. पाच-सहा बाइटांना अर्धा मिलिसेकंद. माणसाच्या लेखी काहीच नाही. एक गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरच्या लेखी मात्र पाच लाख ठोके. एवढा वेळ तो नुसता ताटकळत बसू नये म्हणून आय-टू-सीचा ड्रायव्हर देवघेव सुरू करून देतो आणि मागणाऱ्याला झोपवतो. काम संपलं की उठवतो. झोपवायचं म्हणजे शेड्यूलरला सांगायचं की या प्रोसेसला बाजूला ठेव, दुसऱ्या कुणाला तरी चालव. पण इंटरप्टच्या हँडलरला स्वतःची प्रोसेस नसतेच. तो कुणाच्या तरी मध्ये घुसलेला असतो, कदाचित माहिती पाठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, कदाचित निव्वळ रिकाम्या बसलेल्या प्रोसेसरच्या. तो झोपला तर झोपणार तो बिचारा, ज्याचा या सेन्सरशी काडीचा संबंध नाही. शिवाय हँडलर चालू असताना त्या प्रोसेसरवर बाकीचे इंटरप्ट दाबून धरलेले असतात, घड्याळाचासुद्धा. शेड्यूलर हे ओळखतो आणि बोंब मारतो.

यावरचा इलाज बराच जुना आहे. हँडलरने दारात उभं राहून जेमतेम तातडीचं तेवढं उरकायचं आणि उरलेलं काम झोपता येईल अशा कुणाकडे तरी सोपवायचं. लिनक्समध्ये त्यासाठी वर्क क्यू आहे, आणि 2009 च्या 2.6.30 आवृत्तीत थॉमस ग्लाइक्सनर यांनी घातलेली थ्रेडेड इंटरप्टची सोय आहे. तिच्यात ड्रायव्हर कर्नलला सांगतो की माझ्या इंटरप्टसाठी एक स्वतंत्र थ्रेड काढ. इंटरप्ट आला की कर्नल त्या थ्रेडला फक्त जागं करतो. थ्रेडला स्वतःची ओळख असते, तो खुशाल झोपू शकतो, आय-टू-सीवर बोलू शकतो, जीएफपी कर्नल म्हणून मेमरी मागू शकतो. मुलीने दोन ओळी बदलल्या आणि आकडे येऊ लागले.

त्या दोन ओळींत वनशॉट नावाचा एक झेंडा होता. तो का, हे मी तिला शोधायला लावलं, आणि ते तिने डेटाशीटमधून, म्हणजे चिपच्या माहितीपुस्तिकेतून, शोधलं म्हणून सांगते. सेन्सर तार खाली ओढतो आणि कुणी त्याची माहिती वाचेपर्यंत ती तशीच खाली धरून ठेवतो. समजा इंटरप्ट आला, कर्नलने थ्रेडला हाक मारली आणि हँडलर संपला. तार अजून खालीच! थ्रेडची पाळी यायच्या आत पुन्हा इंटरप्ट, पुन्हा हाक, पुन्हा इंटरप्ट. प्रोसेसर दाराशीच अडकतो आणि ज्याने दार बंद करायचं तो थ्रेड कधी चालतच नाही. वनशॉट सांगतो की थ्रेडचं काम होईपर्यंत ही तार ऐकूच नकोस. नुसता थ्रेड मागितला आणि हा झेंडा विसरला, तर आताचा कर्नल मागणीच फेटाळतो, हे एक बरं. सगळंच काही तो गृहीत धरून चालत नाही.

इंटरप्ट येतोय आणि हा माझा आहे असं कुठलाच हँडलर म्हणत नाही, अशीही वेळ येते. त्यासाठी कर्नल हिशेब ठेवतो. लाख इंटरप्टांपैकी 99,900 हून जास्त बेवारशी निघाले की ती तार कायमची बंद करतो आणि नोंदीत लिहितो, 'नोबडी केअर्ड'. कर्नलच्या नोंदींमध्ये विनोद फार नसतो. हा हेतुपुरस्सर आहे की नाही कोण जाणे, पण रात्री साडेअकराला तो वाचताना हसू येतंच.

थांबता न येण्याचं दुसरं ठिकाण म्हणजे स्पिनलॉक. एकाच सामायिक गोष्टीला दोन प्रोसेसर हात घालू नयेत म्हणून कुलूप लागतं. म्युटेक्स नावाचं कुलूप मिळालं नाही तर मागणारा झोपतो. स्पिनलॉक मिळालं नाही तर तो तिथल्या तिथे गरगरत राहतो. म्हणून स्पिनलॉक हाती असताना झोपायचं नाही. तुम्ही झोपलात तर बाकीचे गरगरतच राहतील. नियम एवढाच. पण तो पाळणं किती कठीण आहे ते 2001 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवून दिलं. त्यांनी लिनक्सची संहिता यंत्राकरवी तपासली. नियमांच्या यादीत हाच एक होता: इंटरप्ट बंद असताना किंवा स्पिनलॉक हाती असताना झोपणारं फंक्शन बोलावू नये. अपूर्णांक वापरू नयेत हाही होता, आणि मोठे अ‍ॅरे स्टॅकवर ठेवू नयेत हाही. निष्कर्ष असा निघाला की ड्रायव्हरांमध्ये चुकांचं प्रमाण उरलेल्या कर्नलच्या तिपटीपासून सातपटीपर्यंत आहे. ड्रायव्हर लिहिणारे आळशी असतात असा याचा अर्थ काढणाऱ्यांशी मी भांडते. उरलेला कर्नल लिहिणारा आपल्याच घरात वावरत असतो. झोपणारं फंक्शन कुठलं ते त्याने स्वतःच लिहिलेलं असतं. ड्रायव्हरवाला येतो चिप बनवणाऱ्या कंपनीतून, हातात बाराशे पानी डेटाशीट घेऊन. यंत्र त्याला पुरतं ठाऊक असतं, कर्नल जेवढ्यास तेवढा.

फंक्शनाच्या पोटात आणखी चार फंक्शनं असतात आणि त्यांतलं सगळ्यांत खालचं झोपतं, हे वरून दिसत नाही. कर्नलवाल्यांनी त्यासाठी खुणेच्या पाट्या लावल्या आहेत. झोपण्याची शक्यता असलेल्या फंक्शनच्या सुरुवातीलाच 'माइट स्लीप' अशी ओळ असते. तपासणीचा पर्याय चालू करून कर्नल बांधला, तर ही ओळ भलत्या ठिकाणाहून गाठली गेल्याबरोबर बोंब होते, प्रत्यक्ष झोपायची वेळ आलेली असो वा नसो. हे महत्त्वाचं, कारण प्रत्यक्ष झोप बऱ्याचदा लागतच नाही. मेमरी एरवी हाताशी असते, कुलूप एरवी मोकळं असतं. महिनोन्‌महिने चालणारा ड्रायव्हर मग एखाद्या दिवशी, यंत्रावर ताण आला की, सगळं घेऊन बसतो. आमच्या बाकावरच्या प्रत्येक बोर्डात तो पर्याय चालू असतो. बागेत जाणाऱ्या पेटीत तो ठेवत नाही, काम मंदावतं.

बागेवरून आठवलं, वेळ मागण्याचीही एक रीत आहे. कर्नलचं साधं घड्याळ म्हणजे जिफीज नावाचा एक मोजणी-आकडा. सेकंदाला शंभर, अडीचशे किंवा हजार ठोके, कर्नल बांधताना जसं ठरवाल तसं. बत्तीस बिटांच्या प्रोसेसरवर सेकंदाला हजार ठोके ठेवले तर हा आकडा 49.7 दिवसांत भरतो आणि पुन्हा शून्यावर येतो. शंभर ठेवले तर 497 दिवसांनी. द्राक्षाची फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमारास होते आणि माल फेब्रुवारी-मार्चला निघतो. म्हणजे पेटी एकदा चालू केली की काढणीपर्यंत आकडा दोनदा तरी शून्यावर येऊन जाणार. 'आताची वेळ ठरलेल्या वेळेपेक्षा मोठी आहे का' अशी सरळ तुलना ज्याने केली असेल, त्याचा सेन्सर त्या दिवशी कायमचा वाट बघत बसेल किंवा थांबतच नाहीसा होईल. कर्नलने 'टाइम आफ्टर' म्हणून तुलनेचं साधन दिलंय. ते दोन वेळांमधला फरक काढून त्याचं चिन्ह बघतं, म्हणून शून्य ओलांडलं तरी चुकत नाही. पण साधन दिलं म्हणून कुणी वापरतं थोडंच! शेवटी कर्नलवाल्यांनी एक नामी युक्ती केली. यंत्र चालू होताना जिफीज शून्यापासून सुरू होतच नाही. ते भरायला पाच मिनिटं उरलेली असतील अशा आकड्यापासून सुरू होतं. सरळ तुलना करणारा ड्रायव्हर मग पन्नास दिवसांनी शिवारात नाही, पाच मिनिटांनी लिहिणाऱ्याच्याच टेबलावर उघडा पडतो. कर्नलच्या सगळ्या सेवांमध्ये मला ही सगळ्यांत प्रेमळ वाटते.

घेतलेलं परत करण्याविषयी मी फार लिहिणार नाही, कारण ते सगळेच सांगतात. पण एक दृश्य दाखवण्यासारखं आहे. ड्रायव्हरचं यंत्राशी गाठ घालणारं फंक्शन म्हणजे प्रोब. त्यात आधी मेमरी घ्यायची, मग वीज चालू करायची, घड्याळ चालू करायचं, रजिस्टरांचा नकाशा मांडायचा, इंटरप्टची नोंद करायची, शेवटी यंत्र सिस्टिमपुढे जाहीर करायचं. पाचव्या पायरीवर नकार आला तर चौथी, तिसरी, दुसरी, पहिली अशा उलट्या क्रमाने सगळं फेडायचं. लिनक्समध्ये हे गोटूने करतात. डाइक्स्ट्रा यांनी 1968 साली ज्या गोटूविरुद्ध पत्र लिहिलं आणि आमच्या मास्तरांनी ज्यासाठी गुण कापले, तोच गोटू. फंक्शनच्या तळाशी लेबलांची एक शिडी असते, आणि जिथे अडलात त्या पायरीवर उडी मारून खाली उतरत जायचं. कर्नलची लेखनशैली याची अधिकृत शिफारस करते, आणि ती वाचायला खरोखरच स्वच्छ दिसते. मास्तरांना दाखवायला हवी होती.

2007 पासून ही शिडीही बऱ्याच अंशी टाळता येते. तेजुन हो यांनी आणलेली डेव्हएम नावाची फंक्शनं घेतलेल्या प्रत्येक गोष्टीची यंत्राच्या नावावर नोंद ठेवतात आणि यंत्र गेलं की उलट्या क्रमाने सगळं आपणहून परत करतात. सोय मोठी, पण अर्धवट वापरली तर घात. समजा इंटरप्टची नोंद डेव्हएमने केली आणि वीज मात्र हाताने चालू-बंद करायची ठेवली. ड्रायव्हर काढताना त्याचं रिमूव्ह फंक्शन वीज बंद करून परततं, आणि इंटरप्टची नोंद त्यानंतर रद्द होते. त्या मधल्या फटीत एखादा इंटरप्ट आला, की हँडलर वीज गेलेल्या चिपची रजिस्टरं वाचायला जातो. काही चिपांवर अशा वाचनाने सगळी यंत्रणाच गोठते. दोन्ही पद्धती मिसळू नका, एवढं मी कोड तपासताना पुन्हा पुन्हा लिहिते.

थांबण्याचा आणखी एक प्रकार प्रोबमध्येच आहे. वीज देणाऱ्या चिपचा ड्रायव्हर अजून उठलेलाच नसतो आणि सेन्सरचा ड्रायव्हर आधी येऊन उभा राहतो. पूर्वी यावर लोक काय काय उद्योग करायचे! कुणी सुरुवातीचा क्रम जुळवत बसे, कुणी दोन सेकंद झोप घेई आणि देवावर हवाला ठेवी. 2012 पासून प्रोबला सरळ सांगता येतं की अजून वेळ आहे, मागाहून बोलवा. उत्तरादाखल तो उणे 517 हा आकडा परत करतो. कर्नल त्याला वेगळ्या यादीत टाकतो आणि दुसऱ्या कुठल्या यंत्राची गाठ पडली की पुन्हा बोलावतो. नोंदीत उणे 517 दिसला की नवी मुलं घाबरतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. तो फक्त पुन्हा येणार आहे.

या सगळ्या सेवांचा करार मात्र लेखी नाही, आणि टिकाऊ तर मुळीच नाही. बाहेरच्या प्रोग्रॅमांना लिनक्स जन्मभराचं वचन देतो: सिस्टिम कॉल मोडणार नाही. आतल्यांना काहीच वचन नाही. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी यावर एक टिपणच लिहून कर्नलच्या संहितेत ठेवलंय, आणि त्याच्या नावातच स्थिर आतल्या व्यवस्थेच्या कल्पनेला मूर्खपणा म्हटलंय. आमच्या पिढीने हा धंदा शिकला तो 'लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स' या पुस्तकावर. कॉर्बेट, रुबिनी आणि क्रोआ-हार्टमन यांची तिसरी आवृत्ती 2005 सालची. प्रकाशकाने ती मुक्त परवान्यावर खुली केली होती, त्यामुळे पुण्यात तिच्या स्पायरल बांधलेल्या झेरॉक्स प्रती हातोहात फिरत आणि त्यात चोरीही नव्हती. आज तिच्यातलं उदाहरण जसंच्या तसं उतरवलं तर बांधलंच जात नाही. टायमर लावायची पद्धत बदलली, जुना आयओसीटीएल गेला, अख्ख्या कर्नलला मिळून असलेलं एक मोठं कुलूप 2011 मध्ये निघालं. तरी मी ते पुस्तक नव्या मुलांना वाचायला देते. फंक्शनांची नावं शिळी झाली, प्रश्न ताजे आहेत.

मुळात ड्रायव्हरना आत घ्यावंच का, हा वाद 1992 च्या जानेवारीत अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांच्याशी घातला होता. टॅनेनबॉम यांचं म्हणणं, गाभा लहान ठेवा, ड्रायव्हर बाहेर काढा, म्हणजे एक पडला तर सगळं घर पडणार नाही. लिनक्सने ऐकलं नाही, विंडोजनेही बव्हंशी नाही. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका अद्ययावत फाइलमुळे जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळे पडले. कर्नलमध्ये बसलेला कोड वीस रकाने पुरवलेले असताना एकविसावा वाचायला गेला, एवढंच. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तेव्हा टॅनेनबॉम यांची आठवण पुष्कळांना झाली असेल. मला ते तत्त्वतः पटतात. पण बाहेर काढलेल्या ड्रायव्हरलाही यंत्र वेळेवर ऐकावं लागतंच, आणि प्रत्येक हाकेसाठी खिडकी ओलांडायची तर तिची किंमत पडते. हा वाद मी घरी बसून निकालात काढणार नाही.

डिसेंबर 2022 मध्ये, 6.1 आवृत्तीपासून, कर्नलमध्ये रस्ट भाषेला जागा मिळाली. घेतलेलं परत करणं, रिकाम्या पॉइंटरला हात न घालणं, कुलूप हाती नसताना त्यामागच्या वस्तूला न शिवणं, यांतलं पुष्कळसं रस्टमध्ये कंपायलरच बघतो. गोटूची शिडी तिथे लागत नाही. जुने सहकारी नाकं मुरडतात, मी मुरडत नाही. दुपारच्या चहाला हा विषय निघाला तेव्हा त्या सेन्सरवाल्या मुलीने नेमकं विचारलं, स्पिनलॉक धरून झोपणारं फंक्शन बोलावलं तर रस्ट पकडेल का? नाही पकडत. भाषेच्या नियमांत ते बसत नाही. त्यासाठी वेगळं तपासणीचं साधन लिहावं लागलंय, आणि बाकीच्यांसाठी 'माइट स्लीप'ची पाटी आहेच.

"मग मी आधी रस्ट शिकू की सी पक्कं करू?" तिने विचारलं.

पुढच्या हंगामासाठी सेन्सर बदलला होता आणि नव्या चिपची तार वाचनाने नाही, तर एका रजिस्टरात लिहिल्यावर वर येते, असं कुणी तरी म्हणत होतं. मी म्हटलं, आधी डेटाशीट वाच.